ऑनलाईन शाळा चालू, कॅमेरा बंद आणि अर्ध्या स्क्रीनवर गेम : नववीतल्या मुलाचं काय करू?

अबोली_पुणे | ९ ऑगस्ट २०२१, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहायला बसलेय कारण सकाळपासून डोक्यातून जातच नाहीये.

मुलगा नववीत आहे. शाळा साडेसात ते साडेबारा, सगळी लॅपटॉपवर. मी बँकेत आहे, सव्वानऊला निघते. नवरा घरूनच काम करतो पण दुसऱ्या खोलीत आणि त्याचे कॉल चालू असतात. आज मी रजेवर होते म्हणून पोहे घेऊन त्याच्या खोलीत गेले. कानाला हेडफोन, त्याला कळलंच नाही मी मागे उभी आहे ते. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात एवढ्याशा चौकोनात भूगोलाच्या मॅडम आणि बाकी सगळी स्क्रीनभर गेम. मॅडमनी चॅटमध्ये विचारलं "समजलं का सगळ्यांना?" आणि ह्याने गेमवरची नजर न हलवता डाव्या हाताने "येस मॅम" टाईप केलं. खाली पोरांची रांगच लागली, येस मॅम, येस मॅम, येस मॅम. मी प्लेट ठेवली तसा दचकला आणि एका बोटात खिडकी बदलली. ती सफाई बघून माझ्या पोटात खड्डा पडला, म्हणजे हे रोजचं आहे.

मी ओरडले नाही. तो आंघोळीला गेल्यावर हिस्टरी बघितली तर आठ ते दहा ह्या वेळात चौदा व्हिडिओ.

यंदा दहावीची परीक्षाच झाली नाही, नववीच्या निकालाचे ५० मार्क धरून निकाल लागला. पुढे काय होईल कुणाला माहीत, म्हणजे नववी सोडून देऊन चालणार नाही. शेजारी बसून पहारा देणं शक्य नाही, लॅपटॉप काढून घेतला तर शाळाच जाते. तुमच्याकडे काय करताय? खरंच कळत नाहीये.

नानाकाका | ९ ऑगस्ट, ११:५८

आमचे मास्तर फळ्यावर लिहिता लिहिता मागे न वळता खडू फेकायचे आणि तो बरोबर नेमावर बसायचा. झूमवर खडू कसा फेकणार सांगा! पण अबोलीताई, भूगोलाच्या पुस्तकात गोष्टीचं पुस्तक घालून आम्हीही वाचलंय. मुलगा वाया गेला असं लगेच मनात आणू नका.

सडाफुली | १० ऑगस्ट, सकाळी ७:१५

नानाकाका, गोष्टीचं पुस्तक शंभर पानांत संपायचं. इथे एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. निदान ते ऑटोप्ले तरी आधी बंद करा.

रूटर_राजा | १० ऑगस्ट, ९:०५

माझं रोजचं कामच हे आहे म्हणून सविस्तर लिहितो. १) लॅपटॉपवर शाळेसाठी वेगळा युजर करा, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, म्हणजे त्या युजरमधून बहुतेक नवीन प्रोग्रॅम टाकता येणार नाहीत. २) रूटरवर साईट ब्लॉक करता येतात, वेळेनुसार पण करता येतात. ३) फोन अँड्रॉईड असेल तर डिजिटल वेलबीईंगमध्ये ॲपला टायमर लागतो. ४) गूगलचं फॅमिली लिंक, म्हणजे पालकांनी मुलाच्या फोनवर लक्ष ठेवायचं ॲप, चांगलं आहे पण मूल १३ वर्षांचं झालं की त्याला ते स्वतःला बंद करता येतं, तुम्हाला फक्त तसं कळवलं जातं. म्हणजे नववीतल्या मुलासाठी ते त्याच्याशी बोलूनच लावायला लागेल, चोरून लावून उपयोग नाही. आणि घरात दुसरा कुठलाही फोन डेटासकट पडून असेल तर वरचं सगळं फुकट.

तांबडा_पांढरा | १० ऑगस्ट, ९:३२

रूटर राजा, सगळं करून बसलोय राव. रूटरवर ब्लॉक केलं तर पोरगं शेजारच्यांच्या वायफायवर गेलं. पासवर्ड दिला कुणी? शेजारच्या काकूंनीच! "अभ्यासाला पाहिजे म्हणाला, बिचारं किती गोड बोललं" म्हणून. त्यांना काय बोलणार? वर त्याला लाडू पण दिला होता.

गेल्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली तेव्हा आम्ही घरात अक्षरशः श्रीखंड केलं होतं. या जुलैत तोच गेम नाव बदलून परत हजर.

वर्षा_नाशिक | १० ऑगस्ट, दुपारी १:१०

मुलींचं वेगळं असतं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाहीये. माझी आठवीत, गेमच्या वाटेला जात नाही. पण तास चालू असताना वर्गातल्या मुलींचा दुसरा ग्रुप चालू असतो, त्यात मिनिटाला वीस मेसेज. टीचरचं एक वाक्य आणि त्यावर दहा जणींचे स्टिकर.

आणि युक्त्या बघा. झूमवर आपलं नाव बदलून "रीकनेक्टिंग..." असं ठेवायचं, म्हणजे टीचरला वाटतं बिचारीचं नेट गेलंय. तिच्या वर्गातल्या एकाने तर स्वतःचाच मान डोलावतानाचा व्हिडिओ काढून तो बॅकग्राऊंडला लावला आणि खुर्चीतून उठून गेला. पकडला गेला कसा तर शर्ट तीन दिवस तोच!

शिस्तप्रिय | १० ऑगस्ट, १:४४

एवढी डोक्याची मंडई कशाला. दोन दिवस जेवण बंद करा, तिसऱ्या दिवशी सरळ होतो. आईबापांनीच लाडावून ठेवलंय.

सडाफुली | १० ऑगस्ट, १:५०

जेवण बंद?? वाढत्या वयाच्या पोराचं? हे काही पटत नाही.

फळा_खडू | १० ऑगस्ट, रात्री ९:२०

मी सातारा जिल्ह्यात हायस्कूलला गणित शिकवते, अठरा वर्षं झाली. अबोलीताई, तुमचं वाचल्यापासून लिहायचं होतं, पण दिवसभर वह्यांचे फोटो तपासत होते.

माझ्या बाजूने काय दिसतं ते सांगते. वर्गात ५४ मुलं, ऑनलाईन येतात २८-३०. बाकीच्यांच्या घरी एकच फोन आणि तो वडलांबरोबर रानात. जे येतात ते सगळे काळे चौकोन, त्यात नावाचं पहिलं अक्षर. मी समीकरण सोडवते, थांबते, विचारते. उत्तर एकच, "हो मॅडम". शाळेत मी थांबले की कुणाच्या कपाळाला आठी आहे, कोण शेजारच्याची वही बघतंय ते दिसतं. मागच्या बाकावरचा खिडकीतून बाहेर बघत असला की मी रागावत पण नाही. शिकवत शिकवत त्याच्या बाकापाशी जाऊन उभी राहते. बस एवढंच. तो आपोआप वहीत येतो. हे बाकापाशी जाऊन उभं राहणं ऑनलाईनला नाहीच आहे हो, आणि माझं निम्मं शिकवणं त्यातच होतं हे मला ह्या दीड वर्षात कळलं.

कॅमेरा लावाच म्हणून मी पण सुरुवातीला हट्ट धरला. एका मुलीला सगळ्यांसमोर बोलले, लावत कशी नाहीस म्हणून. तिने लावला. मागे कॉटवर आजी झोपलेली, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि ही त्याच खोलीत कोपऱ्यात पाटावर वही घेऊन बसलेली. मीच म्हणाले बंद कर बाळा. त्यानंतर कुणाला सक्ती केली नाही.

आता मी असं करते. वीस मिनिटं शिकवायचं, मग "फोन उलटा ठेवा, वहीत तीन गणितं सोडवा, पंधरा मिनिटांनी परत या". परत आले की नाव घेऊन एकेकाला विचारायचं, दिसेल त्या क्रमाने नाही, कसंही. आपलं नाव कधीही येईल म्हटलं की दुसरीकडे जाणं कमी होतं. संपत नाही, कमी होतं.

आणि ताई, साडेसात ते साडेबारा हे जास्तच आहे. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात नववी ते बारावीला दिवसाला जास्तीत जास्त चार सत्रं सांगितलीत, प्रत्येक ३० ते ४५ मिनिटांचं. म्हणजे फार तर तीन तास. पाच तास मोठ्या माणसाला पण बसवत नाही. चार पालक मिळून शाळेला पत्र द्या.

नानाकाका | १० ऑगस्ट, ९:५१

बाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खडूबद्दल गमतीने लिहिलं होतं, पण बाकापाशी येऊन उभे राहणारे एक गुरुजी मलाही होते. त्यांच्या धोतराला तपकिरीचा वास यायचा, अजून आठवतो.

सिंधुदुर्गातून | १० ऑगस्ट, रात्री १०:३०

आमच्याकडची गोष्ट निराळीच. घरात रेंज नाय. मोठो सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर जाता, पावसात छत्री धरून, तिथे दोन काड्या येतात. दीड जीबीचा पॅक तासातच संपतो, गेम खेळायला उरतंच काय? म्हणून आमची पोरं लक्ष देऊन शिकतात असं मात्र समजू नका. छत्री सांभाळू की वही सांभाळू असं चाललेलं असतं.

धाकटी गेल्या वर्षी सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही अभ्यासाची मालिका बघायची. ते तिने मनापासून बघितलं. टीव्हीवर दुसरीकडे जायला काही नसतं, आणि आम्ही सगळेच समोर बसायचो, आजीसुद्धा. आजीक अपूर्णांक समजले!

अकरावीच्या_वाटेवर | ११ ऑगस्ट, दुपारी १२:२०

मी इथे बाबांमुळे वाचतो. यंदा दहावी झालो, म्हणजे परीक्षा न देता झालो. अकरावीच्या सीईटीचा अभ्यास करत होतो तर काल हायकोर्टाने ती पण रद्द केली, त्यामुळे आज वेळच वेळ आहे.

काकू, मी पण तुमच्या मुलासारखंच केलंय म्हणून लिहितो. सुरुवात गेमपासून नाही होत. मागच्या वर्षी भूमितीच्या तासाला माझं नेट गेलं, पाच मिनिटांनी आलो तर प्रमेय अर्धं झालेलं. वर्गात असतो तर शेजारच्याला कोपर मारून विचारलं असतं. इथे विचारायचं तर माईक ऑन करायचा आणि पन्नास जण ऐकणार. नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढचं चालू, ते तर काहीच कळलं नाही. न कळणाऱ्या भाषेतला आवाज चाळीस मिनिटं कानात चालू असला की हात आपोआप दुसरीकडे जातो. मग रोज जायला लागला.

आणि गेममध्ये माझ्या वर्गातलेच चौघे असायचे. पंधरा महिने त्यांना मी फक्त तिथे भेटलोय. एकाचे आजोबा एप्रिलमध्ये गेले ते त्याने आम्हाला गेम खेळताना सांगितलं. मम्मीने फोन काढून घेतला तेव्हा तिला वाटलं गेम बंद केला. मला तेव्हा कुणीच उरलं नव्हतं. हे मी तिला नीट सांगू शकलो नाही, नुसता भांडलो.

वर्षा_नाशिक | ११ ऑगस्ट, १२:४५

बाळा, बरं केलंस लिहिलंस. लेकीला आज संध्याकाळी तिच्या मैत्रिणीकडे घेऊन जाते, मास्क लावून गच्चीत बसू दे दोघींना.

शिस्तप्रिय | ११ ऑगस्ट, १:३०

मुलगा लिहितो छान, पण नाही कळलं तर वडलांना विचारायचं होतं. सबबी सगळ्यांकडे असतात. आम्ही कंदिलात अभ्यास केला.

तांबडा_पांढरा | ११ ऑगस्ट, १:४१

साहेब, कंदिलात गेम नव्हता ओ.

जर्सीची_मावशी | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ७:००

इथे न्यू जर्सीत शाळेनेच क्रोमबुक लॅपटॉप दिला, टीचरला मुलांच्या स्क्रीन आपल्या स्क्रीनवर दिसतात, नको ते टॅब तिथूनच बंद करता येतात. तरी माझा भाचा शेजारी स्वतःचा फोन ठेवून बसायचा. टीचरला क्रोमबुक दिसतं, मांडीवरचा फोन कुठे दिसतो.

चष्मेवाला | ११ ऑगस्ट, ८:१५

थोडं अवांतर. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद बघायला लावा, डोळ्यांना बरं पडतं. आणि रोज थोडा वेळ उन्हात, बाहेर. दुकानात ह्या वर्षी पहिल्यांदाच चष्मा घ्यायला आलेली सातवी-आठवीची इतकी पोरं बघतोय की काळजी वाटते.

आजोबा_पार्ले | १२ ऑगस्ट, सकाळी ६:३०

फळा_खडू बाईंचं बाकापाशी उभं राहणं वाचलं आणि आमच्या घरात नेमकं तेच झालं हे लक्षात आलं. नातू आठवीत. त्याच्या खोलीत एसी, दार बंद. जूनमध्ये एसी बिघडला आणि दुरुस्तीला माणूस मिळेना म्हणून तो बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर बसू लागला. तिथे मी सकाळी शब्दकोडं सोडवतो. मी त्याच्याकडे बघतही नाही, माझं तोंड पेपरात. पण कोणीतरी बाजूला बसलंय एवढ्याने फरक पडला. कधी तो विचारतो, आबा हे काय, कधी मी विचारतो, अरे चार अक्षरी नदी सांग. एसी दुरुस्त होऊन महिना झाला, तो टेबलावरून उठलेला नाही.

रूटर_राजा | १२ ऑगस्ट, ९:१०

आबा, माझे चारही मुद्दे तुमच्या शब्दकोड्यापुढे फिके आहेत. मनापासून सांगतो.

अबोली_पुणे | १६ ऑगस्ट, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. थोडं काही झालंय ते सांगते.

त्या मुलाचा प्रतिसाद मी लेकाला वाचायला दिला. मी काहीच बोलले नाही. त्याने वाचला, परत वाचला, आणि म्हणाला माझंपण असंच आहे. मग हळूहळू निघालं की आठवीचा 'समांतर रेषा व छेदिका' हा धडा त्याला कळलेलाच नाही, गेल्या वर्षी ऑनलाईन झाला तेव्हाच निसटला. संगत कोन कुठले आणि व्युत्क्रम कोन कुठले हे त्याला आजही सांगता येईना. आणि मार्क मात्र चांगले होते कारण चाचणी घरूनच दिलेली. मी वर्षभर ते मार्क बघून खूष होते.

लॅपटॉप आता जेवणाच्या टेबलावर आणलाय. नवरा समोरच्या खुर्चीत त्याचा लॅपटॉप घेऊन बसतो, दोघं एक एक कान मोकळा ठेवतात. पहिल्या दिवशी चिडचिड झाली, "मी काय लहान आहे का" वगैरे. दुसऱ्या दिवशी बाबाचे मीटिंगमध्ये कान उपटलेले त्याने ऐकले आणि दुपारी त्याला स्वतःहून लिंबू सरबत करून दिलं. हे मला फार आवडलं.

संध्याकाळी सहाला सोसायटीत खाली चौघांना एकत्र सायकल चालवायला सोडतो. गेम आहेच, रात्री एक तास, तो ठरवून दिलाय. शाळेला अकरा पालकांनी मिळून पत्र दिलंय, उत्तर नाही अजून.

फळा_खडू ताई, तो कोनांचा धडा कसा भरून काढू?

फळा_खडू | १६ ऑगस्ट, १०:४०

आधी हे, की त्याने कबूल केलं त्याबद्दल त्याची पाठ थोपटा. १ जुलैपासून शासनाचा सेतू अभ्यासक्रम झाला, ४५ दिवसांचा, मागच्या इयत्तेचं भरून काढायलाच. त्यातल्या कृतिपत्रिका घ्या. पण त्याच्या आधी जुना पेपर घ्या, स्केचपेनने दोन समांतर रेघा आणि एक तिरकी छेदिका काढा. आठ कोन होतील. कात्रीने कापा आणि एकावर एक ठेवून बघायला सांगा कुठले तंतोतंत बसतात. नावं नंतर. माझ्या वर्गात हे बाकावर पाच मिनिटांत होतं, स्क्रीनवर मला महिनाभर दाखवता आलं नाही.

तांबडा_पांढरा | १ सप्टेंबर २०२१, सकाळी ८:००

चीनने काय केलं वाचलं का, अठराच्या आतल्यांना आठवड्यात तीनच तास ऑनलाईन गेम, शुक्रवार शनिवार रविवार, रात्री आठ ते नऊ. बायको म्हणतेय आपल्याकडे पण आणा.

अकरावीच्या_वाटेवर | १ सप्टेंबर, ९:१२

तिथली मुलं पण आजीच्या नावाने लॉगिन करतील, काका. त्यापेक्षा शाळा उघडा. कुणीही शाळा उघडा म्हणतच नाही.

अबोली_पुणे | ४ ऑक्टोबर २०२१, रात्री ९:३०

उघडली! आज आठवी ते बारावीच्या शाळा सुरू झाल्या शहरात. बूट आले नाहीत पायाला, दीड वर्षात दोन नंबर वाढलाय. सँडल घालून गेला. आल्यावर पहिलं वाक्य, "आई, भूगोलाच्या मॅडम खूप बुटक्या आहेत." आठवीत नवीन आलेल्या ना त्या, मुलांनी त्यांना आज पहिल्यांदाच उभं बघितलं.

सिंधुदुर्गातून | ११ ऑक्टोबर २०२२, संध्याकाळी ५:२०

वर्षभराने धागा वर काढतोय. सांगलीतल्या मोहित्यांचे वडगावची बातमी वाचली का? कडेगाव तालुक्यातलं गाव. ऑगस्टमध्ये ग्रामसभेत ठरवलं, रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, टीव्ही मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. ऑनलाईन शाळेत हातात आलेला फोन शाळा उघडली तरी सुटेना म्हणून हे केलं म्हणे.

वर्षा_नाशिक | ११ ऑक्टोबर, ६:०२

फक्त मुलांचाच बंद की मोठ्यांचा पण?

फळा_खडू | ११ ऑक्टोबर, रात्री ८:५५

सगळ्यांचा, म्हणून तर चाललंय. सुरुवातीला घरोघरी जाऊन सांगायला लागलं असं वाचलं. मला तो उपाय फार पटला. एकाच घरात फोन बंद केला तर पोराला वाटतं मलाच शिक्षा, गावच्या गाव बंद म्हटल्यावर तसं काही राहत नाही. दीड वर्ष बाहेर राहिलेली मुलं अजून माझ्या वर्गात आहेत, पंधरा मिनिटांपुढे बसवत नाही त्यांना. मी बाकापाशी जाऊन उभी राहते. पूर्वी एकदा राहायचे, आता चार चक्करा होतात.

अबोलीताई, मुलगा दहावीत ना आता?

अबोली_पुणे | ११ ऑक्टोबर, रात्री ९:४०

हो ताई. कालच फोनवरून भांडण झालं, म्हणजे ते संपलेलं नाहीये. पण अभ्यासाला अजून जेवणाच्या टेबलावरच बसतो, आम्ही जेवायला ताटं घेऊन आलो की पुस्तकं एका बाजूला सरकवतो. सात ते साडेआठ भोंग्याशिवाय करून बघू म्हणतेय, आधी मला आणि नवऱ्याला फोन ठेवावे लागतील. त्या गावात भोंगा थांबवायला परत वाजवतात का हो?

सिंधुदुर्गातून | ११ ऑक्टोबर, ९:४८

वाजवतात, साडेआठला.